बोका धापा टाकतोय, थांबू की धावू?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमच्याकडे गोट्या नावाचा बोका आहे, साडेचार वर्षांचा, नसबंदी झालेली, कायम घरातच असतो आणि खाऊन खाऊन चांगला सहा किलोच्या वर गेलाय. लहानपणापासून पिसांच्या काडीमागे वेड्यासारखा पळतो, पण हल्ली दोन-तीन महिने झाले, पाच मिनिटं पळाला की मधेच बसतो, तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो आणि कुत्र्यासारखा धापा टाकतो. मिनिट-दोन मिनिटांत थांबतो आणि परत खेळायला तयार. शिवाय महिन्यातून दोन-चारदा, जास्त करून पहाटे, जमिनीला चिकटून बसतो, मान पुढे लांब करतो आणि खोकल्यासारखे ठसके काढतो. आम्हाला वाटतं केसांचा गोळा अडकलाय, पण बाहेर कधीच काही पडत नाही. घरातले म्हणतात जाड झालाय म्हणून दमतो, खेळणं बंद करा. मागे दवाखान्यात नेलं तेव्हा कॅरिअरमध्ये घातल्यापासून पोचेपर्यंत तोंड उघडं ठेवून धापा टाकत होता, मी इतकी घाबरले की आता न्यायचीच भीती वाटते. तिथे स्टेथोस्कोप लावून बघितलं आणि सगळं नॉर्मल आहे म्हणाले. काल कुणीतरी सुचवलं की माणसांची तापाची गोळी अर्धी करून द्या, बरं वाटेल. अजून दिलेली नाही. ह्यातलं नॉर्मल काय आणि घाबरण्यासारखं काय, कसं ओळखायचं?
– गोट्याची आई

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती गोळी. दिली नाहीत हे फार चांगलं केलंत आणि आता ती गोट्याच्या आसपासही नको, घरात सगळ्यांना तसं सांगून ठेवा. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अगदी शब्दशः. आपलं लिव्हर ते औषध ज्या पद्धतीने निकामी करून बाहेर टाकतं ती सोय मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच, मग त्याचे विषारी घटक रक्तात साठतात, तांबड्या पेशी बिघडवतात आणि रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हिरड्या चॉकलेटी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात आणि मांजर धापा टाकायला लागतं. म्हणजे ज्यासाठी गोळी द्यायला सांगितलं तोच त्रास त्या गोळीने होतो आणि एका गोळीतही जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, माणसांची सर्दी-खोकल्याची औषधं, सगळ्यांना हाच नियम. कुणी चुकून दिलीच असेल तर लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नाही, वेष्टण हातात घेऊन तडक दवाखाना गाठायचा, कारण ह्यावर उतारा आहे आणि तो जितक्या लवकर मिळेल तितका चालतो.

आता तुमचा खरा प्रश्न. कुत्रा धापा टाकतो तेव्हा बहुतेक वेळा तो अंग थंड करत असतो, त्याचं ते रोजचं काम आहे, आणि आपल्या डोळ्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की मांजराने तसं केलं तरी आपण म्हणतो दमलं असेल. मांजर नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. अंग चाटून, सावली शोधून, गार फरशीवर पसरून ते आपली उष्णता सांभाळतं, तोंड उघडण्याची वेळ त्याच्यावर क्वचित येते. त्यामुळे मांजराचं तोंड श्वासासाठी उघडलं की काहीतरी त्याच्या आवाक्याबाहेर गेलंय असं समजायचं, मग ते घटकाभरासाठी असो किंवा गंभीर असो.

घटकाभरासाठी केव्हा चालतं तेही सांगते. जीव तोडून पळापळ झाली, हवा खूप तापलेली आहे, प्रचंड भीती वाटली (गाडीतला प्रवास त्यातलाच), किंवा मांजरी व्यायला लागली आहे, ह्या वेळी थोडा वेळ धापा टाकणं दिसू शकतं. अट एवढीच की कारण थांबलं की दोन-चार मिनिटांत तोंड मिटायला हवं, आणि त्यानंतरचा श्वास हळूहळू शांत व्हायला हवा. अजून एक गोष्ट धापेसारखी दिसते पण धाप नसते. मांजर एखादा वास घेतं, वरचा ओठ किंचित उचलतं आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून काही क्षण स्तब्ध होतं, डोळे शून्यात. टाळूजवळ वास ओळखणारा एक खास अवयव असतो तिथपर्यंत ते वास पोचवत असतं. त्यात छातीची हालचाल वाढत नाही, जीभ लोंबत नाही, त्याची काळजी नको.

मग गोट्या मिनिट-दोन मिनिटांत थांबतो म्हणजे तो ह्या सवलतीत बसतो का? मला नाही वाटत, आणि का ते नीट सांगते. पाच-सहा महिन्यांचं पिल्लू वीस मिनिटं भिंतींवर उड्या मारून धापा टाकत बसलं तर मी एकदा तपासून घ्या म्हणेन पण फार अस्वस्थ होणार नाही. तुमचा बोका मात्र चार वर्षं हाच खेळ असाच खेळत होता आणि धापा टाकत नव्हता. दोन-तीन महिन्यांत हे सुरू झालं, तेही पाच मिनिटांच्या खेळात. हा बदल महत्त्वाचा आहे. मांजरं आजार लपवण्यात इतकी तरबेज असतात की आपल्या हाताला लागतात त्या अशाच बारक्या गोष्टी, पूर्वी कपाटावर एका उडीत जायचा आता मधे खुर्चीवर थांबतो, पूर्वी पाय पसरून कुशीवर झोपायचा आता चारी पाय पोटाखाली घेऊन बसूनच असतो. तुम्ही नुसत्या धापेकडे बघताय म्हणून तुम्हाला उत्तर सापडत नाहीये, कारण धाप ही वरची गोष्ट झाली आणि तीही कधीमधी दिसणारी. बघायचं ते त्याच्या झोपेतल्या श्वासाकडे. तिथे मांजराला काही लपवता येत नाही.

आज रात्रीच करा. गोट्या गाढ झोपला की त्याला हात न लावता, हाक न मारता जवळ बसा. बरगड्या संपतात आणि पोट सुरू होतं तिथल्या केसांवर नजर ठेवा, अंधुक उजेडातही ते केस वर-खाली होताना दिसतात. वर जाऊन खाली आलं की एक श्वास, वर एक आणि खाली एक असे दोन मोजायचे नाहीत, ही गडबड बऱ्याच जणांची होते आणि मग आकडा दुप्पट येऊन मध्यरात्री घाबरगुंडी उडते. मोबाईलवर तीस सेकंदांचा टायमर लावायचा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करायची. गुरगुरत असेल तेव्हा मोजू नका, आकडा चुकतो. मिशा, पंजे फडफडत असतील, झोपेत शेपूट हलत असेल तर स्वप्नात आहे, तेव्हाचा श्वास वाकडातिकडा असतो, पाच-दहा मिनिटं थांबून परत मोजा. आणि मोजता मोजता हालचाल कशी आहे तेही बघा. निरोगी मांजराचा झोपेतला श्वास इतका हलका असतो की शोधावा लागतो. पोट लोहाराच्या भात्यासारखं हलत असेल, दर श्वासाला डोकं किंचित पुढे-मागे होत असेल किंवा नाकपुड्या फुलत असतील तर आकडा बरा असला तरी ते बरं नाही.

निरोगी मांजराचा झोपेतला आकडा मिनिटाला तीसच्या आत असतो, बऱ्याच जणांचा विसाच्या आसपास. तीसच्या वर आला तर तासाभराने परत मोजा, परत तीसच्या वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. झोपेत चाळीसच्या वर असेल तर फोन करत करतच निघायचं. आठवडाभर रोज एकदा मोजून तारखेसकट लिहून ठेवा म्हणजे गोट्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा किती ते कळेल. पंधरा असणाऱ्या बोक्याचा एकदम सव्वीस होणं हेही मला कळायला हवं असतं, भले ते तीसच्या आत असेल. दवाखान्यात टेबलावर आम्ही मोजतो तो आकडा ह्या कामाचा नसतो कारण भीतीने निरोगी मांजराचाही पन्नास-साठपर्यंत जातो, म्हणून घरचा कागद आमच्यासाठी फार मोलाचा असतो.

आता ते पहाटेचे ठसके. तुमच्या पत्रात धापेपेक्षा मला हेच जास्त बोचलं. केसांचा गोळा काढणारं मांजर कसं दिसतं ते एकदा डोळ्यासमोर आणा, ते उभं राहतं किंवा मागे मागे सरकतं, पोट जोरजोरात आत ओढलं जातं, ओकारीचा घशातून येणारा ओला आवाज असतो आणि शेवटी लांबुळकी केसांची वळी नाहीतर निदान फेस-पाणी तरी बाहेर पडतं. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. जमिनीला चिकटून बसणं, कोपरं बाहेर, मान सरळ पुढे, डोकं खाली, कोरडे ठसके एकामागून एक, शेवटी एखादा आवंढा गिळतं आणि मग काही झालंच नाही असं उठून चालायला लागतं, बाहेर काही नाही. हा खोकला आहे, आणि मांजराच्या अशा खोकल्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दमा. हो, मांजरांनाही दमा होतो, आपल्यासारखाच, श्वासनलिकांच्या आतलं अस्तर सुजतं, चिकट स्राव साठतो, नळ्या आवळतात आणि श्वास आत जातो पण बाहेर निघताना अडकतो, म्हणून श्वास सोडताना पोटाचा जोर लावलेला दिसतो, कधी बारीक शिट्टीसारखा आवाजही येतो. चार-पाच वर्षांच्या आसपासच तो बहुतेकदा लक्षात येतो. आणि कितीतरी मांजरं वर्षानुवर्षं केसांच्या गोळ्याची पेस्ट चाटत बसतात आणि दमा आतल्या आत नळ्या कायमच्या खराब करत राहतो, ह्याचं मला खरंच फार वाईट वाटतं, कारण ओळखला की हा आजार छान आटोक्यात राहतो.

पुढच्या वेळी ठसका आला की गोट्याला उचलू नका, पाठ थोपटू नका, पहिला फोन उचला आणि व्हिडिओ काढा, बाजूने, सगळं अंग दिसेल असा, आवाजासकट. दवाखान्यात तो नेमका खोकणार नाही आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात दम्याच्या मांजराची छाती स्टेथोस्कोपला अगदी स्वच्छ लागू शकते, कधी कधी एक्स-रेही साधाच येतो. तेव्हा तुम्हाला तिथे नॉर्मल म्हणाले ते खोटं नव्हतं, त्या क्षणी सापडण्यासारखं काही नव्हतं एवढंच. वीस सेकंदांचा व्हिडिओ असेल तर डॉक्टरांना पुढची दिशा लगेच कळते.

पण फक्त दम्यावर थांबून चालणार नाही, हृदय बघितल्याशिवाय मी तरी गोट्याला दम्याचं औषध सुरू करणार नाही. मांजरांमध्ये हृदयाचा सगळ्यात जास्त दिसणारा आजार म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होणं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. भिंत जाड झाली की आतली जागा कमी होते, कप्पा नीट भरत नाही, दाब मागे फुफ्फुसांकडे सरकतो आणि एक दिवस फुफ्फुसांत किंवा त्यांच्याभोवती पाणी साठतं. वरून ठणठणीत दिसणाऱ्या मांजरांतही साधारण सातांत एकीला हे थोड्याफार प्रमाणात सापडतं, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, पण बोक्यांमध्ये हे जास्त आणि कमी वयातही दिसतं. मेन कून आणि रॅगडॉल जातींत ह्यामागचे जनुकीय दोष सापडलेत, मेन कूनमधला तर 2005 सालीच सापडला, पण म्हणून आपलं साधं घरगुती मांजर सुटलं असं नाही. गोम अशी की ह्या आजारात हृदयाचा आवाज बिघडेलच असं नाही, आणि कुत्र्यांना हृदयाच्या आजारात जसा खोकला येतो तसा मांजरांना फारसा येत नाही. खोकल्याचं पारडं दम्याकडे झुकतं, खेळातल्या धापेचं पारडं दोन्हीकडे झुकू शकतं, आणि दोन्ही आजार एकाच मांजरात असणंही अशक्य नाही. दम्यावर दिलं जाणारं स्टेरॉइड लपलेल्या हृदयविकाराला चिघळवू शकतं म्हणून क्रम महत्त्वाचा. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा की छातीचा एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको दोन्ही करता येईल का, इकोची सोय जवळ नसेल तर रक्ताची एक टेस्ट असते, एनटी-प्रोबीएनपी नावाची, हृदयाच्या स्नायूवर ताण आहे का ह्याचा बऱ्यापैकी अंदाज ती देते.

बाकी कारणं बरीच आहेत, गोट्याच्या बाबतीत मला ती मागच्या रांगेत वाटतात म्हणून पटकन सांगून टाकते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. छातीत पाणी किंवा पू साठणं, ह्यात श्वास उथळ आणि भराभर होतो, तरुण मांजरांत त्याच्यामागे एफआयपी हा मांजरांचा गंभीर विषाणूजन्य आजारही असू शकतो. उंचावरून पडल्यावर फुफ्फुसाबाहेर हवा साठणं किंवा पोट आणि छातीमधला पडदा फाटणं, हे पडल्यावर दोन दिवसांनीही लक्षात येऊ शकतं, जखम दिसत नाही म्हणून गाफील राहू नये. पिल्लांत पिसवांचा सुळसुळाट झाला तर रक्त कमी होऊन धाप लागते, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या असतात. म्हातारपणी थायरॉइड वाढलेला असतो. पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरांच्या नाकपुड्याच अरुंद, त्यांचा घरघराट लोकांना गोंडस वाटतो पण त्या बिचाऱ्यांना तो त्रास असतो. आणि उन्हाळी लू लागणं. मांजराचं नेहमीचं तापमान 38 ते 39 सेल्सिअसच्या आसपास, 40 च्या वर गेलं आणि धापा, लाळ, झोकांड्या असतील तर साध्या गार पाण्याने अंग ओलं करायचं, पंखा लावायचा, बर्फ लावायचा नाही आणि दवाखान्यात निघायचं.

धावायचं केव्हा, हे आता नीट वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. काहीही न करता बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेतोय, थेट निघायचं. मान लांब, कोपरं अंगापासून फाकवलेली, आडवा व्हायला तयार नाही, थेट निघायचं. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, निरोगी हिरडी गुलाबी असते, निळसर, राखाडी, पांढरी किंवा चॉकलेटी दिसली तर थेट निघायचं (काहींच्या हिरड्यांवर मुळातच काळे डाग असतात, म्हणून आज सगळं ठीक असताना एकदा बघून ठेवा). अचानक ओरडून मागचे पाय ओढायला लागला आणि मागचे पंजे गार लागले तर ती हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा तर एक मिनिट घालवायचं नाही. रात्री दोन वाजता दिसलं तर रात्री दोनलाच. श्वासाचा त्रास उघडपणे दिसायला लागतो तेव्हा मांजराची लपवायची ताकद संपलेली असते, सकाळपर्यंत थांबण्याइतकं त्याच्याकडे शिल्लक असेलच असं नाही.

अशा वेळी आपला जीव खालीवर होतो आणि आपण नेमकं नको ते करतो, छातीशी कवटाळतो, पाणी पाजतो, पाठीवर झोपवून बघतो. ह्यातलं काही नको. तो ज्या स्थितीत बसलाय ती त्याने श्वासासाठी निवडलेली असते, तशीच राहू द्या. तोंडात काही घालू नका, ना पाणी ना औषध, श्वासनलिकेत जाईल. घरात आवाज कमी, दुसरी जनावरं आणि मुलं बाजूला, हवेशीर कॅरिअर किंवा झाकण काढलेली पेटी, गाडी आधी गार करून घ्या. निघताना फोन करून सांगा की मांजराला श्वास घ्यायला त्रास होतोय, ऑक्सिजन तयार ठेवा. पोचल्यावर डॉक्टरांनी लगेच तपासायच्या आधी त्याला ऑक्सिजनच्या पेटीत शांत ठेवलं, किंवा हलकं शांत करणारं इंजेक्शन दिलं तर चिडू नका की हे काही करतच नाहीत. आधी ऑक्सिजन आणि शांतता, मग एक्स-रे, हाच बरोबर क्रम आहे, धापा टाकणाऱ्या मांजराला एक्स-रेसाठी दाबून धरणं जिवावर बेतू शकतं.

गोट्याची आजची अवस्था अशी नाही, तो मधल्या वेळात खातोय, खेळतोय, तेव्हा तुमच्याकडे सवड आहे, पण ती दोन-चार दिवसांची, महिन्यांची नाही. आणि त्या न्यायच्या भीतीचं काय करायचं, तर कॅरिअर आजच माळ्यावरून खाली काढा आणि झाकण उघडं ठेवून तो झोपतो त्या खोलीत ठेवा, आत त्याच्या वासाचं पांघरूण, रोजचा थोडा खाऊ आतच द्या. नेताना वरून टॉवेल टाकून झाकायचं म्हणजे बाहेरचं दिसत नाही, आणि कॅरिअर हातात हेलकावे देत न नेता दोन्ही हातांनी खालून धरायचं. मागच्या प्रवासातल्या धापेबद्दल डॉक्टरांना फोनवरच सांगा, प्रवासाच्या आधी द्यायला गॅबापेंटिनसारखं भीती कमी करणारं औषध ते लिहून देऊ शकतात, डोस त्यांनीच ठरवायचा. वरचा अर्धा भाग निघणारं कॅरिअर असेल तर त्याला खालच्या अर्ध्यातच बसू देऊन तपासायला सांगा, निम्मी लढाई तिथेच टळते. आणि प्रवासातली धाप भीतीचीच होती असं गृहीत धरू नका, ज्याची फुफ्फुसं किंवा हृदय आधीच थकलेलं आहे त्यालाही ताणात पहिली धाप गाडीतच लागते, म्हणून पोचायला किती वेळ लागला आणि घरी आल्यावर किती वेळाने तोंड मिटलं हे आठवत असेल तर तेही सांगा.

दमाच निघाला तर काय, ही धाकधूक तुम्हाला असणार. सुरुवातीला बहुतेकदा स्टेरॉइडच्या गोळ्या देतात आणि मग हळूहळू इन्हेलरवर आणतात, मांजरांसाठी नळीला छोटा मास्क जोडलेला स्पेसर मिळतो, औषध त्या नळीत सोडायचं आणि मास्क नाकातोंडावर धरून सात-आठ श्वास मोजायचे. बोका ऐकेल का असं सगळेच विचारतात, ऐकतो. आधी दोन-तीन दिवस नुसता मास्क जमिनीवर पडलेला राहू दे, मग त्यात खाऊ, मग नाकाशी क्षणभर, मग थोडं जास्त. रोजच्या इन्हेलरचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात, तोपर्यंत गोळ्या बंद करायच्या नसतात, आणि झटक्याच्या वेळचा इन्हेलर वेगळा असतो, दोन्हींवर ठळक खूण करून ठेवायची. हृदयाचं निघालं तर औषधं वेगळी, पण झोपेतले श्वास मोजायचं काम तेव्हाही रोजचंच, औषध लागू पडतंय की नाही हे तुम्हाला डॉक्टरांच्या आधी कळतं.

घरातल्या हवेचं मात्र निदानाची वाट न बघता करता येईल. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती पूर्ण बंद, रूम फ्रेशनर, परफ्यूमचे फवारे, सुवासाच्या मेणबत्त्या, धूर होणारं सगळं गोट्याच्या खोलीतून हद्दपार. लिटर म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू ओतताना धुरळा उडत असेल तर कमी धूळ असलेलं बघा, मांजर त्यात नाक खुपसून उकरतं, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त धूळ त्याच्या छातीत जाते.

वजनाबद्दल घरातले अर्धे बरोबर आहेत. जाडी श्वासावर ओझं टाकते, दमाही वाढवते, ते उतरवायचंच आहे. पण जाड आहे म्हणून दमतो असं म्हणून तपासणी पुढे ढकलायची नाही, दोन-तीन महिन्यांत काही त्याचं वजन अचानक एवढं वाढलेलं नाही. आणि त्याला उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका, जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी लिव्हरमध्ये चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं, डॉक्टरांकडून मोजून खाणं ठरवून घ्या आणि हळूहळू उतरवा.

खेळणं बंद करू नका, खेळ हा त्याचा आनंद आहे. तपासण्या होईपर्यंत फक्त वेळ कमी करा, मिनिटभर काडी हलवायची, थांबायचं, तोंड मिटलेलं आहे ना बघायचं, श्वास खाली येऊ द्यायचा, मग परत मिनिटभर. उड्या नकोत, काडी जमिनीवरच फिरवा. तोंड उघडलंच तर खेळ तिथेच थांबवा आणि घड्याळ बघा, किती मिनिटांनी मिटलं ते श्वासांच्या त्याच कागदावर लिहा. तो कागद, ठसक्याचा व्हिडिओ आणि रात्री उघडा असणाऱ्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर, एवढं ह्या आठवड्यात फोनमध्ये आणि फ्रिजवर असू द्या, आणि इको-एक्स-रे झाले की रिपोर्ट मला कळवा, मी वाट बघतेय.